हॉसर स्ट्रीटची मतं

१४, लिंडेन अव्हेन्यू
२० जानेवारी १९६७

प्रिय डीलिया,

आधी आईला सांग, मग बाकीचं वाच. तुझ्या भावाला तिकीट मिळालं.

म्हातारा हॅनरॅटी नाताळाआधी गेला, हे तुला कळलं असेलच. एकतीस वर्षं नॉर्थ बेसिनचा खासदार होता आणि तेवढ्या काळात पार्लमेंटात दोनदा बोलला, त्यातलं एकदा कुणाची तरी माफी मागायला. त्याच्या जागी आता पोटनिवडणूक लागली आहे. मंगळवारी 'अँकर' दारूगुत्त्याच्या माडीवर पक्षाची बैठक झाली. अकरा जण मत देणारे. सात मला, चार लंडनहून आलेल्या एका वकिलाला. बिचारा भाषण पाठ करून आला होता. ते सातही जण माझ्याबरोबर गोदीत पोती वाहिलेले आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे एवढं झालं की बाकी उपचारच उरतो. आजोबा म्हणायचे ना, नॉर्थ बेसिनमध्ये मतं मोजत नाहीत, वजन करतात. त्यांच्या तरुणपणी इथे हिरव्या झेंड्याचा आयरिश गुत्तेवाला निवडून यायचा. मग गोदी कामगारांच्या युनियनचा माणूस यायला लागला. १९२३ पासून आजपर्यंत आपल्या पक्षाशिवाय ही जागा कुणाला मिळालेली नाही. टिअर्नींच्या घरातला कुणी त्या खुर्चीत बसेल असं मात्र आजोबांना स्वप्नातही वाटलं नसेल.

अडचण एकच. गल्ल्या पाडल्या आणि माणसं पांगली. पण मतदारयादी अजून ऑक्टोबरातलीच आहे, त्यामुळे कागदावर तुम्ही सगळे हॉसर स्ट्रीटमध्येच राहता. तिकडे नव्या वसाहतीत, मॉसग्रीनला, तुम्हाला मत नाही, आहे ते जुन्या सेंट ब्रेंडन शाळेत. टपालाने मत पाठवायची आपल्या माणसांना सवय नाही, आणि आता शिकवायला वेळही नाही. मतदान १६ मार्चला, गुरुवारी. मी बस पाठवतो. तू बायका गोळा कर, तुझा शब्द कुणी मोडत नाही.

समोर यावेळी एक औषधांचा दुकानदार उभा आहे. गोड बोलतो आणि तुंबलेली गटारं बघत फिरतो. पक्षाने लंडनहून पेवरेल नावाचा एजंट पाठवला आहे, तो म्हणतो धोका आहे. मला नाही वाटत. पण बस भरलेली बरी.

आईची तब्येत कळव.

तुझा,
कॉन


हॅरिअर हाऊस, सहावा मजला, मॉसग्रीन
२६ जानेवारी

कॉन,

आईला सांगितलं. ती रडली आणि मग टोपी शोधायला लागली, जणू काही मतदान आजच आहे. सगळ्या मजल्याला सांगून आली. मजल्यावर आम्हाला ओळखणारं कुणी नाही, तरी सांगून आली. हे तिच्या वाटणीचं झालं. आता माझ्या वाटणीचं ऐक.

तुम्ही लोकांनी आम्हाला तिथून उचललं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली होतीत. टेबलामागे घरबांधणी समितीचे पाच नगरसेवक, मधोमध तू. तू म्हणालास, गल्लीच्या गल्ली एका जागी नेऊ, शेजार मोडणार नाही. नोरा गॉर्म्ली तीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिली. आज ती इथून दोन बस बदलून जायच्या अंतरावर आहे. माझ्या शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही. त्यांचा कुत्रा भुंकतो, एवढं माहीत आहे.

इथे दुकान नाही. दुकानाची गाडी येते आणि दुप्पट भाव लावते. चर्च नाही. फादर जिमखान्याच्या शेडमध्ये प्रार्थना घेतात. लिफ्ट बंद पडली की आई खाली उतरत नाही आणि उतरलेली असली तर वर येत नाही. मागच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या एका अनोळखी बाईच्या खुर्चीत दुपारभर बसून होती. घरी आल्यावर म्हणते, बाई चांगली होती, पण चहा पाणचट.

आणि आता तू लिहितोस, बस पाठवतो. आमची माणसं तुम्हाला तिथे नको होती, मतं तेवढी अजून तिथेच राहतात म्हणून त्यांना न्यायला गाडी. निर्लज्जपणाला काही सीमा? तुला अकरा जणांनी निवडलं आणि आम्ही हजारोंनी माना डोलवायच्या. लिंडेन अव्हेन्यूवर बागेत गुलाब लावून बसलेल्या माणसाने आम्हाला सांगायचं की आम्ही अजून हॉसर स्ट्रीटमध्ये राहतो.

त्या सभेत तू आणखी एक बोलला होतास. दोन वर्षांत तिथेच नवी घरं बांधू आणि ज्यांना यायचं त्यांना परत आणू. आई त्या शब्दावर जगते आहे. मी तुला एकच विचारते. ते खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. बायका गोळा करायच्या का ते मग बघू.

डीलिया


१४, लिंडेन अव्हेन्यू
२ फेब्रुवारी

डीलिया,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

निर्लज्ज मी? तू ते घर विसरलीस का? अंगणातला एक नळ आणि त्यावर आठ घरं. हिवाळ्यात तो गोठला की बाबा जळत्या कागदाचा बोळा घेऊन बसायचे. भिंतीच्या कागदामागे ढेकूण. खालच्या खोलीत बुरशी, वरच्या खोलीत गळती, आणि त्या दोन खोल्यांत आपण सात जण. पीटर कुठे गेला? चार वर्षांचं पोर, छाती भरली आणि तीन दिवसांत संपलं. डॉक्टरने आईला काय सांगितलं ते मी जिन्यावर बसून ऐकलं होतं. तो म्हणाला, तुमच्या घराने मारलं याला.

त्या दिवसापासून मला एकच माहीत आहे. ती घरं पडली पाहिजेत. त्यासाठी मी नगरसेवक झालो, त्यासाठी समितीवर गेलो. आपल्या घरावर यंत्र चाललं तेव्हा मी बघायला गेलो होतो आणि टाळ्या वाजवल्या. एकटा उभा राहून वाजवल्या. तुला लाज वाटत असेल तर वाटू दे, मला वाटत नाही.

आज आईच्या नळाला गरम पाणी येतं. संडास घरात आहे. चहा पाणचट मिळाला म्हणून तू माझ्यावर तोंड टाकतेस.

परत आणण्याचं म्हणशील तर योजना तयार होत आहे. अशा गोष्टी हो किंवा नाहीत बसत नाहीत. समितीचं काम कसं चालतं ते तुला माहीत नाही, आणि पत्रात मावणारही नाही. मी पार्लमेंटात गेलो तर माझ्या शब्दाला आजच्यापेक्षा जास्त वजन येईल, एवढं तरी तुला कळायला हवं. औषधवाला निवडून आला तर काय तो तुला परत आणणार आहे?

बस किती हव्यात ते कळव.

कॉन


हॅरिअर हाऊस, मॉसग्रीन
२७ फेब्रुवारी

कॉन,

हो की नाही विचारलं तर तू मेलेलं पोर पुढे केलंस. पीटरला मीही मांडीवर घेतलं होतं. पुन्हा त्याला निवडणुकीच्या कामाला लावू नकोस.

घरं पडायला हवी होती, हे मला तू सांगायची गरज नाही. मी घराचं विचारलंच नव्हतं. मी जागेचं विचारलं होतं.

तुझं पत्र आल्यावर मी तीन आठवडे फिरले. बस बदलत नोराकडे गेले, कॅसिडींकडे गेले, ज्यांचा ज्यांचा पत्ता मिळाला त्या सगळ्यांकडे गेले. सगळ्यांना यायचं आहे.

दोन बस पाठव.

डीलिया


१४, लिंडेन अव्हेन्यू
१८ मार्च

प्रिय डीलिया,

निवडून आलो. एक्याण्णव मतांनी. चव्वेचाळीस वर्षं ज्या जागी मतांचं वजन करायचे तिथे काल दोनदा मोजणी झाली आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

तुला शिव्या द्यायला बसलो होतो, पण शिव्या संपल्या आणि हसू आलं. तरी तुला कळायला हवं की तू माझं काय केलंस. 'दोन बस पाठव' वाचून मला वाटलं, बहिणीचा राग गेला. पेवरेलला मी छातीठोकपणे सांगितलं, सहा वाजता शंभर मतं उतरतील, फाटकात उभा राहून मोज. बस आल्या. तुम्ही उतरलात. आणि शाळेकडे पाठ करून सरळ पाडलेल्या गल्लीत चालत गेलात. पेवरेल धावत माझ्याकडे आला, चेहरा पिठासारखा. म्हणाला, "तुमची माणसं विटांच्या ढिगाऱ्यात जाऊन उभी राहिली आहेत. हे बंड आहे. दुकानदाराने फितवलं."

मी येऊन बघितलं. घरं नाहीत, भिंती नाहीत, फक्त दारापुढच्या दगडी पायऱ्या पाडणाऱ्यांनी तशाच टाकलेल्या. आणि प्रत्येक पायरीवर त्या त्या घरची बाई. नोरा हातात पर्स घेऊन. कॅसिडीबाई आपल्या पायरीवरची माती बुटाने सारत होती. आई मधोमध, टोपी घालून.

मी पेवरेलला म्हटलं, "बंड नाही रे बाबा. हॉसर स्ट्रीटमध्ये दार वाजवल्याशिवाय कुणी मत द्यायला जात नाही. उमेदवाराने दारात यायचं, आतून 'कोण' विचारतात, मग नाव सांगायचं आणि मत मागायचं. न बोलावता शाळेत जाणं म्हणजे न बोलावता कुणाच्या लग्नात जेवायला बसणं."

तो म्हणाला, "पण दारं कुठे आहेत?"

डीलिया, खरं सांग, ते बंड होतं की रीत? मला अजून कळलेलं नाही. मी आईच्या पायरीपुढे जाऊन उभा राहिलो. वाजवायला काही नव्हतं. शेवटी हवेतच मूठ हलवली आणि तोंडाने टकटक केलं. कुणीतरी हसलं. आई हसली नाही.

"कोण?"

"कॉन टिअर्नी. उमेदवार."

"काय हवंय?"

"तुमचं मत, मिसेस टिअर्नी."

इथवर रीतच आहे. पण मग तू शेजारच्या पायरीवरून विचारलंस, "आणि आम्हाला काय मिळणार?" समोर वर्तमानपत्रवाला. पेवरेल घड्याळ दाखवतोय.

मी म्हटलं, "तुम्ही इथे परत याल. दोन वर्षांत. याच गल्लीत." आणि आई पायरीवरून उतरली.

मग प्रत्येक पायरीवर तेच. प्रत्येकीने 'कोण' विचारलं आणि प्रत्येकीने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तुझी पायरी मी शेवटी ठेवली, तिथे पोचेपर्यंत माझा आवाज बसला होता. तू माझ्याकडे कशी बघत होतीस. लहानपणी मी चोरून साखर खाल्ली की अशीच बघायचीस.

एक्याण्णव मतं. तुम्ही शंभरावर होता. मी हिशोब करू शकतो. तुझे उपकार झाले, आणि जे बोललो ते बोललो.

आईला माझा मुका.

कॉन


हॅरिअर हाऊस, मॉसग्रीन
११ ऑगस्ट

प्रिय कॉन,

तू विचारलं होतंस, बंड की रीत. अर्ध्या जणी रागाने उभ्या होत्या आणि अर्ध्या सवयीने. मी कुठल्या अर्ध्यात होते ते तुला माहीत आहे. पण तू पायरी पायरीने आवाज बसेपर्यंत फिरलास तेव्हा माझा राग गेला, हे मी त्या दिवशी बोलले नाही ते आज लिहिते. मला वाटलं, आपला कॉन अजून आपला आहे.

निवडणुकीनंतरचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. जूनमध्ये तू गाडीतून आलास, आईबरोबर फोटो काढून घेतलास आणि वीस मिनिटांत गेलास. लंडनला कामं असतात, समजतं.

आई इथे सामान लावू देत नाही. बशा अजून खोक्यात आहेत, आई, मी आणि माझा नवरा, तिघं दोन बशांत जेवतो. विम्याचा माणूस आला तर त्याला म्हणाली, हा पत्ता लिहू नका, आम्ही इथे पाहुणे आहोत. नोरा दर रविवारी विचारते, कॉनने तारीख कळवली का. मी म्हणते, कळवेल.

तारीख नको. पाया कधी खणणार तेवढं कळव.

तुझी,
डीलिया


लंडन
२३ एप्रिल १९६८

प्रिय डीलिया,

मागच्या पत्रांना उत्तर दिलं नाही याचा राग धरू नकोस. आता लिहितो आहे ते फार महत्त्वाचं आहे, तेव्हा शांतपणे वाच.

नॉर्थ बेसिन रद्द होणार आहे. मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाने कच्चा नकाशा काढला आहे. आजोबांच्या वेळी आपल्याकडे पन्नास हजारांवर मतदार होते, आज सोळा हजार उरलेत. आयोग म्हणतो, एवढ्याशा मतदारांसाठी एक खासदार परवडत नाही. अर्धा भाग पूर्वेकडच्या मतदारसंघाला, अर्धा उत्तरेकडच्या. दोन्हीकडे आपल्याच पक्षाचे खासदार ठाण मांडून बसलेत, ते माझ्यासाठी उठणार नाहीत. म्हणजे पुढच्या निवडणुकीला मी घरी. नावसुद्धा उरणार नाही, डीलिया. ज्या नावासाठी आजोबांनी डोकं फोडून घेतलं ते नाव.

एकच वाट आहे. १४ मेला टाऊन हॉलमध्ये चौकशी आहे, एक बॅरिस्टर हरकती ऐकणार आहे. हलवलेली माणसं परत येणार आहेत आणि मतदारांचा आकडा पुन्हा वाढणार आहे, हे त्याला पटलं तर मतदारसंघ वाचतो. मी निवेदन लिहिलं आहे, सोबत ठेवलं आहे. त्या दिवशी इथे पार्लमेंटात मोठं मतदान आहे आणि पक्ष मला सोडणार नाही. तू माझ्या वतीने वाचून दाखव. हलवलेल्या कुटुंबातली बाई वाचते आहे म्हटल्यावर परिणामही चांगला होईल.

एक गोष्ट तुझ्या कानावर आधी घालतो, बाहेरून कळायला नको. बोगद्याकडे जाणारा नवा मोठा रस्ता हॉसर स्ट्रीटवरून जाणार आहे. आपल्या बाजूला घरं होणार नाहीत. रस्त्याच्या पलीकडे काही इमारती होतील, त्यात काहींना जागा मिळेल, मी प्रयत्न करीन. निवेदनात 'परत येणार' म्हटलं आहे ते त्या अर्थाने. रस्त्याचं खापर माझ्या खासदारकीवर फोडू नकोस. तो ठराव मी उमेदवार व्हायच्या आधीचा आहे, १९६६च्या ऑक्टोबरातला, आणि समितीत सगळ्यांनीच हात वर केले होते.

आईला एवढ्यात सांगू नकोस. चौकशी होऊन जाऊ दे, मग मी स्वतः येऊन सांगतो.

तुझ्यावर सगळं आहे.

कॉन


हॅरिअर हाऊस, मॉसग्रीन
१६ मे १९६८

कॉन,

तुझं निवेदन वाचलं. टाऊन हॉलमध्ये उभी राहून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. कुणी म्हणायला नको की डीलियाने दगा दिला.

आईला सांगितलं नव्हतं, तू म्हणालास तसं. तीन आठवडे तिच्यासमोर बसून जेवले आणि सांगितलं नाही. पण तुझं लिहिलेलं वाचलं जाणार म्हटल्यावर ती घरी थांबते होय? पहिल्या रांगेत बसली. शेजारी नोरा, तिच्या शेजारी कॅसिडीबाई. मी वाचत होते आणि आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. 'ही कुटुंबं आपल्या मूळ वस्तीत परत येणार आहेत' या वाक्याला तिने नोराला कोपराने ढोसलं.

बॅरिस्टर सभ्य माणूस होता. विचारलं, "मिसेस लोमॅक्स, तुम्ही हलवलेल्यांपैकीच ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्ही परत जाणार आहात?"

आई खालून म्हणाली, "सांग त्यांना."

मी सांगितलं. "नाही, साहेब. आमच्या घरावरून रस्ता जाणार आहे. हे निवेदन ज्याने लिहिलं त्यानेच त्या ठरावाला हात वर केला होता. आमच्याकडे मत मागायला यायच्या पाच महिने आधी."

बॅरिस्टरने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "तुम्हाला कळतंय ना, हे तुम्ही वाचलेल्या निवेदनाच्या उलट आहे? मतदारसंघ राखावा या मागणीच्याच उलट आहे?"

"कळतंय. तिथे आता कुणी राहत नाही. नाव कुणासाठी राखणार?"

त्याने ते लिहून घेतलं. आणखी कुणाला बोलायचं आहे का विचारलं. नोरा उठली, तिच्याकडे बघून मला वाटलं ती माझ्यावर ओरडणार. ती म्हणाली, "ती म्हणते तसंच आहे," आणि खाली बसली. मग कॅसिडीबाई उठली आणि तेच म्हणाली. तू पाठवलेल्या निवेदनाला आमच्यापैकी एकीनेही होकार दिला नाही.

नॉर्थ बेसिन गेलं, कॉन. पक्का नकाशा यायचा तेव्हा येईल, पण मला त्या माणसाच्या तोंडावरून कळलं. मला वाटलं होतं तुझं नाक कापल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. जिथे जन्मले त्या जागेचं नाव माझ्या तोंडाने पुसलं, आणि ते पुसायची पाळी तू माझ्यावर आणलीस. मत मागताना आम्ही तिथे राहत होतो, मत घेतल्यावर राहत नव्हतो, आणि खुर्ची हलायला लागल्यावर पुन्हा राहायला लागलो. तुमच्या पक्षाला आम्ही चव्वेचाळीस वर्षं पोसलं आणि तुम्ही आमच्याच घरांवरून नांगर फिरवलात. मग तोंड वर करून म्हणता, इथे माणसं फार कमी झाली. तुला अजून कळलं नसेल तर सांगते. तुझी खुर्ची आयोगाने नाही काढली. ती तू त्या ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने काढलीस, तो हात वर होता तेव्हा.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. 'तो ठराव मी उमेदवार व्हायच्या आधीचा आहे.' ती तू स्वतःला सोडवून घ्यायला लिहिलीस. तुझ्या ध्यानातही आलं नाही की तू मला काय सांगतो आहेस. तुझा आवाज बसला होता, तू दमला होतास, माझं मन भरून आलं होतं. आणि प्रत्येक पायरीवर तुला माहीत होतं.

येताना आई बसमध्ये खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर मला विचारलं, "माझ्यासमोर उभा होता तेव्हा त्याला रस्त्याचं माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "वेडा आहे. खरं सांगितलं असतं तरी मी त्यालाच मत दिलं असतं. माझा मुलगा आहे तो."

तिने हे तुला कळवायला सांगितलं नाही, मी माझ्या मनाने कळवते. कारण मी दिलं नसतं. नोराने दिलं नसतं. त्या दोन बसमधल्या शंभरांपैकी कुणीच दिलं नसतं, आणि तू हरला असतास. हिशोब तुला येतो असं तूच लिहिलं होतंस.

आईचं मत तुझंच होतं, कॉन. बाकीची तू चोरलीस.

डीलिया